‘टेक्नॉलॉजी’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो आला कुठून?

शब्द मूळचा ग्रीक. ‘टेख्ने’ म्हणजे कला, कसब. ‘लोगिया’ म्हणजे विवेचन. ग्रीक लेखक तो व्याकरण, वक्तृत्व अशा विद्यांच्या पद्धतशीर मांडणीसाठी वापरत, यंत्रांचा त्यात संबंध नव्हता! सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला, तोही ‘कलांचे विवेचन’ याच अर्थाने. कारागिरी आणि उद्योगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास हा अर्थ रुजवला तो जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनचे प्राध्यापक योहान बेकमान यांनी, १७७७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकातून. खुद्द यंत्रे-साधनांनाच टेक्नॉलॉजी म्हणणे बरेच नंतरचे, विसाव्या शतकात सर्रास झालेले.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते वेगळेच. भाषाशास्त्रज्ञ ‘टेख्ने’ आणि संस्कृत ‘तक्षन्’ एकाच धातूतून आलेले मानतात, आणि तक्षन् म्हणजे सुतार.