स्कॉटलंडमध्ये शिकायला जातोय. सेल्टिक-रेंजर्स सोडून एखादा छोटा फुटबॉल क्लब सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरपासून डंडीला शिकायला जाताय, फुटबॉलचं वेड आहे, पण ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांपैकी एकाच्या मागे जायचं नाही. खालच्या लीगमधला, गावाचा म्हणता येईल असा क्लब हवाय. मी डंडीतच राहतो आणि माझं उत्तर एकच आहे: आर्ब्रोथ.

डंडीहून रेल्वेने वीसेक मिनिटं. समुद्रकाठचं जुनं मच्छीमारी गाव, वस्ती साधारण २४ हजार. क्लब १८७८ सालचा. बंदरात परतणाऱ्या होड्यांना वाट दाखवायला इथे लाल दिवा असायचा, त्यावरून संघाला 'रेड लिक्टीज' म्हणतात. जर्सी मात्र मरून रंगाची.

मैदान आहे गेफील्ड पार्क, आणि तिथून समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून भरतीचं पाणी उसळतं ना, तशाच लाटा वादळी दिवसांत इथल्या भिंतीवर आपटतात आणि त्यांचे तुषार स्टँडपर्यंत येतात. वारा हा इथला बारावा खेळाडू, आणि तो दोन्ही बाजूंनी खेळतो. गोलकिकसाठी ठेवलेला चेंडू घरंगळत जातो, गोलकीपर तो पुन्हा आणून ठेवतो, तो पुन्हा सरकतो. अखेर उंच मारावा तर चेंडू हवेत थबकतो आणि मारणाऱ्याच्याच दिशेने परत यायला लागतो. पाहुण्या संघाचा चांगला बचावपटू अशा चेंडूखाली उभा राहून मागेपुढे होताना मी पाहिलाय. घरचे खेळाडू वाऱ्याविरुद्ध चेंडू जमिनीलगत ठेवतात, आखूड पास देतात आणि बाजू बदलेपर्यंत दम धरतात. टीव्हीवर या खेळाची मजा अर्धीही कळत नाही.

आता लीगची रचना. स्कॉटलंडच्या व्यावसायिक लीगमध्ये ४२ क्लब आहेत: प्रीमियरशिपमध्ये १२ आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी १०. अगदी तळाला राहिलेल्या क्लबलाही आता निवांत बसता येत नाही. हायलँड आणि लोलँड लीगचे विजेते आपसात खेळतात, त्यातला जिंकणारा त्या ४२व्या क्लबशी भिडतो आणि हरणारा बाहेर. ईस्ट स्टर्लिंगशायर, बेरिक रेंजर्स, ब्रेखिन सिटी, काउडनबीथ असे जुने क्लब याच वाटेने खाली गेले. खालच्या दोन पायऱ्यांवर बरेचसे खेळाडू अर्धवेळ असतात. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी दुपारी तीनला सामना.

हे लक्षात घेतलंत की २०२१-२२ च्या मोसमाची किंमत कळेल. डिक कॅम्पबेल २०१६ मध्ये व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा आर्ब्रोथ चौथ्या पायरीवर होतं. डोक्यावर सपाट टोपी, सोबत सहायक म्हणून जुळा भाऊ इयन. २०१७ मध्ये त्यांनी लीग टू जिंकली, २०१९ मध्ये लीग वन. पुढे चॅम्पियनशिपमधला एकमेव अर्धवेळ संघ थेट प्रीमियरशिपच्या दारात जाऊन उभा राहिला! विंगर बॉबी लिन आठवडाभर कचरागाडीवर काम करायचा आणि शनिवारी पूर्णवेळ व्यावसायिक बचावपटूंना पळवायचा. एप्रिल २०२२ मध्ये किल्मार्नॉकच्या मैदानावर जणू अंतिम सामनाच झाला. शेवटच्या मिनिटांतल्या गोलने किल्मार्नॉक २-१ जिंकलं आणि विजेतेपद त्यांच्याकडे गेलं. मोसम संपला तेव्हा फरक फक्त दोन गुणांचा होता, ६७ आणि ६५. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे वर चढायची दुसरी संधी देणाऱ्या बाद सामन्यांत, इन्व्हरनेसशी दोन्ही सामने ०-०. इन्व्हरनेसचे दोघे बाहेर काढले गेले, नऊ जणांवर खेळत त्यांनी पेनल्टीपर्यंत तग धरला आणि तिथे आर्ब्रोथ हरलं. तेही गेफील्डवर. त्याबद्दल बोलताना इथल्या लोकांचा आवाज आजही बदलतो, आणि माझाही. माझ्या मते गेल्या काही दशकांतली स्कॉटिश फुटबॉलमधली सगळ्यात मोठी कामगिरी हीच, करंडक मिळाला नसला तरी.

इंटरनेटवर मात्र तुम्हाला आधी दुसरीच गोष्ट सापडेल. १२ सप्टेंबर १८८५ ला स्कॉटिश कपमध्ये आर्ब्रोथने ॲबर्डीनच्या बॉन ॲकॉर्ड संघाला ३६-० हरवलं, त्यातले १३ गोल एकट्या जॉकी पेट्रीचे. तेव्हा गोलला जाळी नसायची, त्यामुळे दर गोलनंतर चेंडू आणायला लांब पळावं लागे. आर्ब्रोथचा गोलकीपर पावसात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, असं सांगतात. त्याच दिवशी डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० हरवलं होतं. विक्रम मोठाच, पण तो दुबळ्या संघाविरुद्धचा. त्याच्यासाठी कुणी क्लब धरत नाही.

२०२४ मध्ये संघ लीग वनमध्ये घसरला, आणि २०२५ मध्ये ती जिंकून परत वर आला. या वेळी सूत्रं होती डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन यांच्याकडे, म्हणजे २०२२ च्या त्याच संघातल्या दोघांकडे.

जाण्याआधी काही कामाच्या गोष्टी. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारच्या वेळेत फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करता येत नाही. छोट्या क्लबांची तिकीटविक्री टिकावी म्हणूनच हा नियम आहे, तेव्हा तिकीट काढून आत जाणं हाच खरा पाठिंबा. पाऊस नसेल तर बसायच्या स्टँडऐवजी उभ्याने बघायच्या पायऱ्यांवर जा; तिथे जुनी मंडळी भेटतात आणि नवख्या माणसाशी आपणहून बोलतात. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, स्कॉच पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री) मटणाचा असतो आणि कपातून वाफाळत येणारं बोव्हरिल गोमांसाच्या अर्काचं. मॅकरोनी पाय आहे का ते विचारा. मासे खात असाल तर बंदराजवळ स्मोकी खाल्ल्याशिवाय परतू नका: हॅडॉक माशांच्या जोड्या शेपटीला बांधून लाकडाच्या धुरावर टांगतात. आर्ब्रोथच्या परिसरात बनलेल्या माशालाच ते नाव लावायची कायद्याने मुभा आहे.

पहिला सामना सप्टेंबर-ऑक्टोबरातलाच निवडा. जानेवारीतला वारा नवख्याला झेपत नाही, आणि तोवर तुमच्याकडे जाड जॅकेट आलेलं असेल की नाही कुणास ठाऊक. डंडीत आलात की इथेच निरोप टाका, पुढच्या घरच्या सामन्याला बरोबर जाऊ.