निवड शिबिरात नेमके काय पाहतात?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून नववीत शिकते आणि शाळेच्या गाईड पथकात (स्काऊटसारख्या मुलींच्या पथकात) संघनायिका आहे. पुढील वर्षी परदेशात होणाऱ्या मेळाव्यासाठी मुली निवडायच्या आहेत आणि त्यासाठी पुण्याजवळ शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत निवासी शिबिर ठेवले आहे. तिला त्याचे बोलावणे आले आहे. आमच्या घरात अहिराणी बोलतात, शाळा मराठी माध्यमाची आहे, इंग्रजी जेमतेम. मामाच्या घराखेरीज ती कोठेही एकटी राहिलेली नाही. शिबिरात मोबाइल जमा करून घेणार आहेत. नातेवाईक ‘पोरले इतली दूर कसाले धाडतस?’ असे विचारून भंडावून सोडतात. एका शिकवणीच्या सरांनी मुलाखतीची तीस उत्तरे पाठ करायला दिली आहेत. ती पाठ करून घ्यावीत का? आणखी कोणती तयारी करावी?
— एक आई, तालुका पाचोरा

उत्तर : ताई, ती तीस उत्तरे कपाटात ठेवून द्या. मी अनेक वर्षे शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे पथकाची प्रमुख बाई, होते आणि अशा शिबिरांत निरीक्षक म्हणूनही बसले आहे. पाठ केलेले उत्तर दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येते, कारण ते म्हणताना मुलगी समोरच्याकडे न पाहता छताकडे पाहते. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी सहापासून रविवारी दुपारी दोनपर्यंत ४४ तास होतात आणि त्यांत मुलाखत फार तर पंधरा मिनिटांची असते. उरलेल्या वेळेत मुली एकत्र स्वयंपाक करतात, ठरवून दिलेल्या रकमेत सहलीचा खर्च बसवतात, एखाद्या देशाची माहिती काढून मांडतात, शेकोटीला गाणी म्हणतात, रात्री उशिरा झोपून पहाटे उठतात. निवड करणाऱ्या बायका त्या सगळ्या वेळी वही घेऊन आसपासच असतात.

त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, तो आपण समजून घेतला तर तयारी सोपी होईल. परदेशात दहा-बारा मुलींबरोबर एक किंवा दोन मोठ्या बायका असतात. मध्यरात्री गाडी बदलायची आहे, एका मुलीच्या पोटात दुखते आहे, जेवण ओळखीचे नाही, थंडीने सगळ्या वैतागल्या आहेत, अशा वेळी ही मुलगी आपल्याला मदत करील की आणखी एक ओझे होईल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. वर्गात पहिली येणारी मुलगी या कसोटीला उतरतेच असे नाही. उतरली तर आनंदच आहे.

एक प्रसंग सांगते. शनिवारी दुपारी सहा-सहा मुलींच्या गटांना तांदूळ, डाळ, थोडी भाजी आणि एकेक पंपाचा स्टोव्ह देऊन दीड तासात जेवण तयार करायला सांगितले होते. आताच्या मुलींनी पंपाचा स्टोव्ह पाहिलेला नसतो, त्यामुळे एका गटाचा स्टोव्ह भडकून नुसता धूर निघू लागला. धुळ्याकडच्या एका मुलीला तो पेटवता येत होता. तिने स्टोव्ह आपल्याकडे ओढून घेतला नाही. शेजारच्या मुलीच्या हातात पिन देऊन ‘इथे टोच, आता हवा कमी कर’ असे सांगत तिच्याकडूनच तो पेटवून घेतला. थोड्या वेळाने त्या गटाचा भात खाली लागला. आम्ही पातेल्याजवळ गेलो तेव्हा सगळ्या गप्प होत्या आणि मग एक बारीकशी मुलगी म्हणाली, ‘झाकण ठेवून मी पाणी आणायला गेले आणि तिकडेच बोलत राहिले, भात माझ्यामुळे लागला.’ त्या दिवशी माझ्या वहीत या दोघींच्या नावापुढे खूण झाली. त्याच गटात एक फार हुशार मुलगी होती. ती आम्हाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होती, पण जेवणानंतर एकाही भांड्याला तिने हात लावला नाही. लागलेले पातेले घासले ते त्या बारीक मुलीने.

आता इंग्रजीविषयी. आपल्या राज्यातील शिबिरांत बहुतेक बोलणे मराठीत आणि हिंदीत चालते, पण थोडा वेळ इंग्रजीत बोलायला सांगतात, हे खरे आहे. तेथे व्याकरणापेक्षा मुलगी अडल्यावर काय करते याकडे लक्ष असते. एका मुलाखतीत आम्ही सर्वांना विचारत होतो, की परदेशी मैत्रीण तुमच्या गावी आली तर तिला काय दाखवाल. जवळजवळ प्रत्येकीने अजिंठा सांगितले. रावेरकडच्या एका मुलीने केळीचा घड सांगितला. इंग्रजी शब्द सापडेना तेव्हा दोन्ही हातांनी घडाचा आकार करून, खांद्यावर घेतल्याचे दाखवून, घड हिरवा असतानाच कसा कापतात, खरचटू नये म्हणून गाडीत खाली केळीची पाने कशी पसरतात आणि तो झाडावर पिकू का देत नाहीत, हे तिने तुटक वाक्यांत सांगितले. आमच्यापैकी एकीने मुद्दाम उलटा प्रश्न विचारला, तर ‘प्लीज, स्लोली’ म्हणून तो पुन्हा विचारायला लावला. तिची निवड झाली. म्हणून घरी दहा-पंधरा वाक्ये मोठ्याने बोलायची सवय लावावी : मला कळले नाही, पुन्हा सांगा, माझे डोके दुखते आहे, मला हे खाता येत नाही, मी मदत करू का? वाक्ये वहीत लिहून पाठ करण्याऐवजी भाकरी थापताना, झाडलोट करताना बोलावीत, म्हणजे जीभ मोकळी होते.

अहिराणी लपवायला सांगू नका. शेकोटीच्या वेळी प्रत्येक मुलीला आपल्या भागातले काहीतरी सादर करावे लागते आणि तेथे चित्रपटातील गाण्यांवरचे नाच आम्ही इतके पाहिलेले असतात, की श्रावणात बसणाऱ्या आपल्या खानदेशातील कानबाई देवीचे एखादे गाणे ऐकले की आम्ही सावरून बसतो. मात्र गाणे म्हणून झाल्यावर कानबाई म्हणजे काय, रोट कशाचे करतात आणि त्यासाठी भाऊबंद एका घरी का जमतात, हे तिला चार सोप्या वाक्यांत सांगता आले पाहिजे. ते तिने आजीला विचारून घ्यावे.

मामाच्या घरी राहणे ही घराबाहेर राहण्याची तयारी होत नाही, कारण मामी ताट वाढून देते आणि अंथरूणही घालते. शिबिरापूर्वी महिनाभर तिला स्वतःचे कपडे धुऊ द्या, अंथरूण-पांघरूण गुंडाळून पिशवीत भरू द्या आणि गजराच्या घड्याळावर उठू द्या. हाका मारून उठवू नका. मोबाइल जमा होणार असल्याने घड्याळ लागतेच. आपले आणि वडिलांचे नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. आजकाल मुलांना तेवढेही येत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. बॅगही तिनेच भरावी. आईने भरलेल्या बॅगेतला टॉवेल मुलीला सापडत नाही आणि पहिली सकाळ त्यातच जाते. मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू तारीख जवळ नसली तरी सोबत द्याव्यात.

आरोग्याच्या फॉर्मवर काहीही लपवू नये, हे मी आग्रहाने सांगते. निवडीत अडचण येईल या भीतीने एका आईने मुलीचा दमा लिहिला नव्हता. शनिवारी रात्री टेकडी चढताना मुलीला धाप लागली, तिच्याजवळ पंप होता, पण तो काढायला ती लाजत होती, कारण घरून तसे बजावले होते. दमा, फिट, अ‍ॅलर्जी असलेल्या मुली परदेशी जातात. सोबतच्या बाईंना ते ठाऊक असले म्हणजे झाले.

नातेवाइकांच्या प्रश्नावर चिडू नका. त्यातली सुरक्षिततेची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आयोजकांकडून लेखी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. रात्री मुलींच्या खोल्यांजवळ किती बायका असतील, मुली कोठे झोपतील, जवळचे रुग्णालय कोणते, तातडीच्या वेळी कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि रविवारी मुलीला कोणाच्या ताब्यात देणार, एवढे विचारावे. चांगले आयोजक या प्रश्नांनी नाराज होत नाहीत, आणि जे नाराज होतील त्यांच्याकडे मुलीला पाठवू नये. ही गाईड चळवळ काय आहे असे कोणी विचारले, तर भारतातील पहिले गाईड पथक १९११ साली जबलपूरला सुरू झाले आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० पासून आहे, हे सांगता येईल.

पाचोऱ्याहून पुण्याला जाणारी गाडी चाळीसगाव-मनमाडवरून जाते. प्रवास लांबचा असल्याने शिबिराच्या तासभर आधी पोहोचणारी गाडी धरू नये, मुलीला थोडी झोप मिळेल असे पाहावे. तिला फाटकाशी सोडावे आणि परत फिरावे. दुसऱ्या दिवशी ‘सहज इकडे आलो होतो’ म्हणत कळण्याची भाकर आणि भरिताचा डबा घेऊन उगवणारे पालक मी पाहिले आहेत. भरीत उत्तम होते, आम्हीही खाल्ले, पण त्या मुलीची मान दिवसभर वर झाली नाही.

प्रश्न : माझी मुलगी साडेसोळा वर्षांची आहे. निवड होण्याआधीच पासपोर्ट काढून ठेवावा काय? शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी आहे.
— एक वडील, अमळनेर

उत्तर : काढून ठेवावा. निवड झाल्यावर व्हिसासाठी हाताशी वेळ थोडा असतो आणि पासपोर्टवाचून ते काम सुरूच होत नाही. आडनाव आधी लिहिण्याची आपल्या शाळांची पद्धत सर्वांना माहीत असल्याने केवळ क्रमामुळे अडचण येऊ नये. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो, तेथे ते लिहावे. खरी अडचण स्पेलिंगची असते. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे स्पेलिंग असेल, किंवा वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असेल, तर अर्ज करण्यापूर्वी ते एकसारखे करून घ्यावे.

मुदतीची गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांसाठी किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालतो. आपली मुलगी साडेसोळा वर्षांची आहे, म्हणजे असा पासपोर्ट दीड वर्षात संपेल. युरोपातील शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) तेथून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो आणि इतर अनेक देश सहा महिने मागतात. मुलगी साडेसतरा वर्षांची असताना प्रवास ठरला, तर हातात चालू पासपोर्ट असूनही सहा महिने मागणाऱ्या देशांचा व्हिसा अडेल. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागण्याची सोय आहे, तो पर्याय अर्जातच निवडावा. छत्तीस पानी पासपोर्टची फी त्यासाठी १५०० रुपये आहे, अठरापर्यंतच्या पासपोर्टसाठी १००० रुपये. अर्जासोबत आई आणि वडील दोघांच्या सह्यांचे संमतीपत्र लागते.

प्रश्न : गेल्या वर्षी शिबिरात माझी निवड झाली नाही. माझ्या मैत्रिणीची झाली. कारण कोणीच सांगितले नाही. माझे काय चुकले असेल? मी पुन्हा जाऊ का?
— एक मुलगी, शहादा

उत्तर : बाळ, जागा पाच आणि चांगल्या मुली पंधरा, असे आमच्यासमोर अनेकदा झाले आहे, तेव्हा काही चुकलेच असेल असे धरून चालू नकोस. कधी कधी संघ जुळवताना दोन बोलक्या मुलींपैकी एकच घेतात, कधी जिल्ह्यांचा तोल पाहतात. तरीही आपल्या गाईड कॅप्टनमार्फत आयोजकांना चार ओळींचे पत्र लिही आणि पुढच्या वेळी कशाकडे लक्ष देऊ, एवढेच विचार. मैत्रिणीचे नाव त्यात आणू नकोस. तिला मात्र तिथली हकिगत विचार, तुझ्याशी बोलायला ती कदाचित संकोचत असेल.

पुन्हा अवश्य जा, फक्त वयाची अट शिबिराच्या तारखेला मोजतात की प्रवासाच्या, ते आधी पाहून घे. आणि तोवर एक करता येईल. गर्ल गाईड्स आणि गर्ल स्काऊट्सच्या जागतिक संघटनेची जगात पाच केंद्रे आहेत. त्यांतले पहिले ‘अवर शॅले’ १९३२ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले आणि ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. तेथे निरनिराळ्या देशांतल्या मुली येऊन राहतात. तुमच्या पथकाला भेट देता येईल का, हे तुझ्या कॅप्टनबाईंनी तेथे आधी पत्र पाठवून विचारावे. शहाद्याहून पुण्याला जायला पासपोर्ट लागत नाही.