तरसतोंडे नॉल टेबलावर आणायचेत? आधी त्यांचं हसणं समजून घे

तर तुझा प्रश्न थोडक्यात असा, की डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टीच्या खेळात, तुझ्या कॅम्पेनमध्ये (म्हणजे बऱ्याच बैठकांत चालणाऱ्या लांब गोष्टीत) नॉल ही तरसाच्या तोंडाची एक रानटी जमात आणायचीय, दोन सेशन आणून पण झाली, आणि प्लेअर म्हणाले "हे तर ऑर्कच आहेत, फक्त केस जास्त". आता तू त्यांना अजून क्रूर करायच्या मागे लागलायस, जाळलेली गावं, मुंडक्यांच्या माळा वगैरे. नको करू. मी हेच करून बसलेय, माळा वाढवून काही होत नाही, तिसऱ्या माळेला लोक फोन काढून बघायला लागतात.

(आणि खेळातल्या 'रेस'ला, म्हणजे ऑर्क, नॉल असल्या वंशांना, मी जमात म्हणते, जात म्हणत नाही. एकदा चुकून म्हटलं होतं, पुढचा पाऊण तास गेम बाजूला राहिला आणि भलतंच सुरू झालं.)

आधी एक ठरव, तुझे नॉल राक्षस आहेत की माणसं. म्हणजे दोन पायांवर चालणारी, बोलणारी, पोरंबाळं असलेली माणसं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा स्वतःचाच यात पन्नास वर्षं गोंधळ आहे. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांमध्ये नॉल म्हणजे नोम या बुटक्या जमातीचा आणि ट्रोल या धिप्पाड राक्षसांचा संकर, तरसाचा पत्ताच नाही, आणि नाव उचललेलं लेखक लॉर्ड डन्सनीच्या १९१२च्या एका गोष्टीतून, जिथे ते प्राणी दिसतात कसे हे त्याने सांगितलेलंच नाही. तरसाचं तोंड आलं १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, आणि यीनोघू हा त्यांचा राक्षसराजाही तिथलाच. मग २०१४च्या पाचव्या आवृत्तीत गोष्ट अशी की यीनोघू कत्तल करत फिरला, मागे पडलेली प्रेतं तरसांनी खाल्ली आणि त्यांचे नॉल झाले. इथे ते सरळ राक्षसाची भूक पोटात घेऊनच जन्माला येतात, त्यांच्याशी बोलणी वगैरे प्रकार नाही. उलट एबेरॉन सेटिंगमध्ये, म्हणजे याच खेळातल्या एका वेगळ्या जगात, झ्नीर करार नावाच्या गटातले नॉल राक्षसाला सोडून भाडोत्री सैनिक झालेत आणि पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर तू स्वतः नॉल खेळू शकतोस, आता तिथे त्यांना खोलो म्हणतात.

दोन्ही चालतं, पण अर्धं अर्धं चालत नाही. राक्षस असतील तर पिल्लं दाखवू नकोस, बाजार दाखवू नकोस, भूक आणि आग दाखव आणि प्लेअरना मोकळेपणाने मारू दे. माणसं असतील तर "आख्खी जमात जन्मतः वाईट" हे वाक्य तुझ्या नोट्समधून काढून टाक. माझ्या टेबलावर एक जण आहे, त्याच्या समाजाला इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यात घातलेलं, पणजोबा रोज पोलिसांकडे हजेरी द्यायचे, तो कायदा गेला १९५२ला. मी सेटिंगची माहिती वाचताना "ही जमात उपजतच हिंसक आहे" असं काहीतरी वाचलं, तर तो एवढंच म्हणाला, "हे वाक्य आमच्या घरी पाठ आहे गं." चिडला वगैरे नाही, पुढे मस्त खेळला पण. मी मात्र घरी जाऊन ती वही पुन्हा लिहायला घेतली आणि खरं सांगते, माझे नॉल चांगले झाले ते तिथून पुढे.

आता तरस. तुझी मूळ अडचण मला वाटतं इथे आहे. आपल्या डोक्यात तरस म्हणजे सासवड-जेजुरीकडच्या माळावरचं, पट्टेरी, रात्री एकटंच लपतछपत फिरणारं आणि घाबरलं की पाठीवरची आयाळ फुगवणारं. ते हसत नाही. गप्प जनावर आहे. नॉल ज्याच्यावरून घेतलेत ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस, त्याचा संसारच वेगळा. मोठा कळप, कधी कधी ऐंशीच्या घरात, आणि राज्य बायकांचं. मादी नरापेक्षा मोठी, सगळ्यात खालच्या पायरीवरची मादी पण बाहेरून आलेल्या नराच्या वर, आणि पिल्लाचा मान त्याच्या आईच्या मानावरून ठरतो. राणीचं लहानसं पोर एखाद्या धटिंगण नराला मांसावरून हुसकावतं आणि तो गपचूप बाजूला होतो, कारण मागे आई बसलेली आहे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या एकत्र कुटुंबातल्या पंगतीच आठवल्या, ते असो.

आणि हे मेलेलं खाणारं भेकड जनावर पण नाही. हान्स क्रूक नावाच्या संशोधकाने १९६०च्या दशकात टांझानियातल्या सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत रात्र रात्र यांच्या मागे फिरून दाखवलं की बहुतेक खाणं ते स्वतः शिकार करून मिळवतात आणि न्गोरोंगोरोत तर बऱ्याचदा सिंहच येऊन त्यांची शिकार लुबाडतात. पाठलाग लांबचा असतो, काही किलोमीटर, समोरचा दमेपर्यंत.

हसण्याचं ऐक, कारण सगळे डीएम, म्हणजे खेळात गोष्ट चालवणारे, इथेच चुकतात. ते खीः खीः हसणं आनंदाचं नसतंच. ज्याला मार बसतोय, ज्याच्या तोंडचा घास कोणी ओढतंय, जो घाबरलाय किंवा पार उतावीळ झालाय, तो हसतो. म्हणजे अंधारात हसू ऐकू आलं तर तो बहुतेक कळपातला खालच्या पायरीवरचा आहे. जी हसत नाही तिला घाबरायचं. लांबवर जाणारी हाक वेगळी, खालून सुरू होऊन वर चढत जाणारी हूऽऽप, काही किलोमीटर ऐकू जाते, आणि हाक कोणाची आणि समोर किती जण आहेत हे दुसऱ्यांना त्यावरून कळतं. रेंजरला, म्हणजे रानातला माग काढणाऱ्या पात्राला, हे शिकू दे, तिसऱ्या सेशनपर्यंत तो डोळे मिटून नॉल मोजायला लागेल आणि टेबलावर बाकीचे श्वास धरून बसतील.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पार्टीला, म्हणजे प्लेअरांच्या पात्रांच्या टोळीला, नॉलांच्या खिंडीतून जायचं होतं, मारामारीची ताकद नव्हती, म्हणून बोलणी. मी वर्णन केलं की गुहेच्या तोंडाशी सात फुटी नॉल उभा आहे, खांद्यावर कुऱ्हाड, अंगभर जखमांचे वण, आणि मागे सावलीत एक म्हातारी मांडीचं हाड फोडत बसलीय, एक डोळा गेलेला. पॅलॅडिन (शपथेला बांधलेला योद्धा) थेट कुऱ्हाडवाल्यापुढे गुडघा टेकून बसला आणि बापाची तलवार दोन्ही हातांवर पुढे धरली. चारी बाजूंनी हसू फुटलं. कुऱ्हाडवाला पण हसायला लागला, आणि मी एवढंच म्हटलं की तो तलवारीला हात लावत नाहीये, मान किंचित वळवून मागे बघतोय. टेबलावर शांतता. मग बार्ड (भाट) खेळणारी मुलगी हळूच म्हणाली, "अरे, हा घाबरलाय." ती उठली, म्हणजे तिचं कॅरेक्टर, तलवारीकडे न बघता पिशवीतलं खारवलेलं मटण काढून म्हातारीच्या पायाशी ठेवलं आणि चार पावलं मागे सरली. म्हातारीने हाड खाली ठेवलं. त्या सेशनला एकही फासा पडला नाही आणि अजून लोक तोच सेशन काढतात, ड्रॅगनवाला नाही.

दुसरी गोष्ट हाडांची. हाडांनी भरलेली गुहा दाखवायची सवय सोड, तशी गुहा उलट आपल्या पट्टेरी तरसाची असते, ते गोळा करून ठेवतं. ठिपकेवालं हाडासकट खातं, आणि त्या कॅल्शियममुळे त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. केस आणि खूर पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ओकतं. मग तू असं कर, काल जिथे लढाई झाली तिथे पार्टी आज पोचते आणि तिथे काहीच नाही. प्रेत नाही, हाड नाही, रक्त पण जवळजवळ नाही. पट्ट्यांची बक्कलं, घोड्याचे नाल, बाणांची टोकं, केसांचे एक दोन ओले गोळे आणि कडेला पांढरे खडू. दोनशे माणसं होती इथे. मुंडक्यांच्या माळेपेक्षा हे दसपट लागतं, आणि वाईट कोणी वागलंय असं पण नाही, त्यांच्या दृष्टीने हे नुसतं ताट चाटूनपुसून स्वच्छ करणं झालं.

आकड्यांचं पटकन सांगते. २०१४चा साधा नॉल म्हणजे आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड) १५, हिट पॉइंट (किती मार सोसेल) २२, चॅलेंज (शत्रू किती भारी) अर्धा. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांसमोर तीन ठेवले की हिशोबाने बरोबर 'हार्ड', म्हणजे अवघड लढाई, होतं. पण त्यांची खरी मजा रॅम्पेजमध्ये आहे, स्वतःच्या टर्नला जवळच्या वाराने कोणाला शून्यावर आणलं की जास्तीच्या चालीत, म्हणजे बोनस अॅक्शनमध्ये अर्धा वेग चालून अजून एक चावा. आता प्लेअर काही सारखे शून्यावर जात नाहीत, म्हणून बऱ्याच टेबलांवर हे कधी वापरलंच जात नाही आणि मग नॉल ऑर्कसारखे वाटतात, तुझ्याकडे बहुतेक हेच झालंय. उपाय सोपा आहे, पार्टीसोबत गाड्यांचा तांडा दे. गाडीवानाचे हिट पॉइंट ४, नॉलच्या भाल्याचं सरासरी नुकसान ५. एक गाडीवान पडला की नॉल पंधरा फूट पुढे सरकून दुसऱ्याला चावतो, आणि प्लेअरना कळतं की आपल्याला नॉल मारायचे नाहीयेत, तांड्यातल्यांना वाचवायचंय. यात माझा एक घरचा नियम, ज्या नॉलने काही मारलं तो पुढच्या टर्नला विझ्डम सेव्ह १२ करेल (म्हणजे मोह आवरायला फाशावर १२ गाठेल), चुकला तर तिथेच बसून खाईल. त्याने पार्टीला पळायला फट मिळते, आणि हुशार प्लेअर लगेच तांड्यातलं एखादं खेचर नॉलांपुढे सोडून देतात.

प्लेअरला नॉल खेळायचा असेल तर फार सजवत बसू नकोस. चावा एक डी सहा (सहा बाजूंचा एक फासा), रक्ताच्या वासावर परसेप्शनला (चाहूल घ्यायला) अॅडव्हान्टेज, आणि हाडं खाऊन भागतं म्हणून शिधा निम्मा. रॅम्पेज देऊ नकोस, पहिल्या लेव्हलला फारच जड पडतं. आणि त्याला आधी एकच विचार, तुझी आई कळपात कितवी होती. त्या उत्तरातून आख्खी बॅकस्टोरी बाहेर येते.

पिल्लांचं मात्र सेशनच्या आधी टेबलाला विचारून घे. ठिपकेवाल्या तरसाची पिल्लं डोळे उघडे आणि दात आलेले अशीच जन्मतात, जुळी असली की पहिल्याच दिवसांत एकमेकांना चावतात. मी हे हौसेने गुहेत ठेवलं होतं, तर पार्टीचे दोन गट पडले, एक म्हणे सोडून द्या, एक म्हणे मोठी होऊन आपल्याच मागे येतील, रात्रीचा एक वाजला आणि एकाने घरी जाताना बाय पण म्हटलं नाही.

आणि खेचरांना नावं आधीच देऊन ठेव, सोडायची वेळ आली की कोणीतरी हमखास विचारतं.