कॅसेटची उरलेली दहा मिनिटं

प्रश्न : काका, आम्हा चौघांचा बँड दोन वर्षं नागपुरातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजवत होता. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली आणि सगळं थांबलं. आता डिसेंबरमध्ये एका कार्यक्रमात मला एकट्याच्या नावावर अर्धा तास मिळतोय. मित्र म्हणतात, लोकांना पाठ असलेली बँडचीच गाणी गा. लेड झेपेलिन हा इंग्लंडचा रॉक बँड संपल्यावर त्याचा गायक रॉबर्ट प्लांटने काय केलं होतं?
— एक वाचक, खामला

उत्तर : तुझ्या मित्रांना आवडणार नाही, पण प्लांटने बँडची गाणी गायली नाहीत. १९८३ साली तो स्वतःच्या नावावर पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा झेपेलिनचं एकही गाणं त्याने घेतलं नाही. आपल्या कार्यक्रमांत ती गाणी त्याने नेमाने गायला घेतली ती १९८८ पासून.

त्याने काय बाजूला ठेवलं होतं, ते आधी बघ. सप्टेंबर १९६८ मध्ये डेन्मार्कमधल्या ग्लॅडसॅक्से गावी हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. त्याच डिसेंबरात अमेरिका गाठली आणि मग वर्षानुवर्षं दौऱ्यांमागून दौरे. १९७३ मध्ये टँपाला ५६,८०० लोक एकट्या या बँडसाठी आले आणि बीटल्सचा न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधला आकडा मागे पडला. १९७७ मध्ये पाँटिअॅकला ७६ हजारांच्या वर. पण त्याच दौऱ्यात, जुलैमध्ये, प्लांटला घरून फोन आला. पाच वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला होता. दौरा तिथेच थांबला. अमेरिकेत हे चौघे परत कधी वाजलेच नाहीत. त्याच्या दोन वर्षं आधी र्‍होड्स बेटावर गाडीच्या अपघातात प्लांट स्वतः जबर जखमी झाला होता आणि पुढचा अल्बम त्याने चाकाच्या खुर्चीत बसून गायला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. दौऱ्यांचे आकडे वाचताना त्यामागचा माणूस नजरेतून सुटतो.

१९७९ मध्ये इंग्लंडातल्या नेबवर्थच्या मैदानावर दोन मोठ्या मैफली झाल्या. १९८० च्या उन्हाळ्यात युरोपचा छोटा दौरा झाला आणि ७ जुलैला बर्लिनमध्ये तो संपला. २५ सप्टेंबरला ड्रमर जॉन बॉनहॅम गेला, वय अवघं ३२. पुढच्याच महिन्यात अमेरिकेला निघायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी पत्रक काढून सांगितलं की आता पुढे जाता येणार नाही. दुसरा ड्रमर आणून तेच नाव चालवता आलं असतं, पैसाही मिळाला असता. त्यांनी ते केलं नाही, आणि यासाठी माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

प्लांट लगेच स्वतःचं नाव घेऊनही उभा राहिला नाही. १९८१ मध्ये ‘हनीड्रिपर्स’ या नावाखाली तो इंग्लंडातल्या लहान क्लबांत जुनी ब्लूज गाणी गात फिरला. स्टेडियमं भरवणारा माणूस! गिटारवाला रॉबी ब्लंट याच काळातला सोबती. मग जून १९८२ मध्ये आला पहिला एकल अल्बम, ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’. आठ गाणी, निर्मिती स्वतः प्लांटची. सहा गाण्यांवर ड्रम फिल कॉलिन्सचे आणि दोनांवर कोझी पॉवेलचे. कॉलिन्सचा स्वतःचा पहिला एकल अल्बम नुकताच गाजला होता, जेनेसिस या बँडचा तो गायक होता, तरीही दुसऱ्याच्या गाण्यामागे वाजवायला तो आला, कारण बॉनहॅमचं वाजवणं त्याला अतोनात प्रिय होतं. अल्बम ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या आणि अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला.

आता माझी गोष्ट. नागपुरात बर्डीवर माझं कॅसेट भरून द्यायचं छोटं दुकान होतं. १९८४ च्या नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, एक मुलगा हीच रेकॉर्ड घेऊन आला, मामाने लंडनहून आणलेली. वरून ओला टॉवेल टाकलेल्या पिशवीत, वाकू नये म्हणून. साठ मिनिटांची कॅसेट निवडली. रेकॉर्डची एक बाजू वीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे कॅसेटच्या पहिल्या बाजूला दहा मिनिटं मोकळी. मुलगा म्हणाला, “काका, तिथे झेपेलिन भरून द्या ना.” मी भरलं.

रात्री कूलर बंद करून तपासायला लावली. अल्बमच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लांबलचक आहे, अरबी वळणाच्या सुरांचं. प्लांट त्यात आवाज वर फेकत नाही, हळूहळू उलगडत नेतो. ते विरत आलं आणि पाठोपाठ ड्रमच्या पेडलवर बॉनहॅमचा पाय पडला. दुकानाची काचेची कपाटं थरथरली. मग कॅसेट उलटली. कॉलिन्सचा हात मला एकदम हलका वाटायला लागला. दुपारी हीच बाजू भरताना मी तिच्यावर खूश होतो! कॉलिन्सच्या वाजवण्यात काही कमी नव्हतं. माझा कान बॉनहॅमपाशीच अडकून बसला होता. प्रत्येक गाण्यात मी तोच ठोका शोधत होतो आणि समोर गाणाऱ्या माणसाकडे माझं लक्षच नव्हतं.

सकाळी ती दहा मिनिटं मी पुसून कोरी केली आणि कॅसेटच्या मागची खिट्टी मोडून टाकली, म्हणजे चुकून कोणी वर भरणार नाही. मुलगा चिडला. मी पैसे घेतले नाहीत. आठ दिवसांनी तो आला आणि म्हणाला, ते लांब गाणं संपल्यावर मी टेप बंद करत नाही, तशीच चालू देतो.

तर बाबू, अर्धा तास म्हणजे सहा गाणी. सहाही तुझी नसतील तर चार तुझी घे, आणि दोन अशी घे जी तुमच्या बँडने कधी वाजवली नाहीत. बँडचं एकही नको. एक जरी घेतलंस, तरी पुढच्या प्रत्येक गाण्यात लोक तुझ्या पुण्याच्या मित्राला शोधतील, आणि तूही शोधशील. नवीन ड्रमरला जुन्या रेकॉर्डिंगची नक्कल करायला लावू नकोस. त्याचा हात जिकडे वळतो तिकडे गाणं वळू दे. आणि पुण्याच्या मित्राला बोलाव, पहिल्या रांगेत बसव. ती गाणी तुम्हा चौघांची आहेत. तो सुटीवर येईल तेव्हा वाजवा. झेपेलिनचे तिघेही २००७ मध्ये लंडनला एका रात्रीसाठी परत उभे राहिले, तेव्हा ड्रमवर बॉनहॅमचा मुलगा जेसन होता.

प्रश्न : लेड झेपेलिन भारतात कधी वाजवून गेले होते का?
— एक वाचक, महाल

उत्तर : तिकीट लावून मैफल कधी झाली नाही. पण १९७२ मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. १९७२ मध्येच कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबमध्ये एका रात्री दोघे वाजवायला उभे राहिले, दुसऱ्यांची वाद्यं मागून घेऊन.