टूरवरच्या नवऱ्याचा निकाल लाव आधी

म्युनिकहून एका ताईचं पत्र आलंय. मुलगा चार वर्षांचा, घटस्फोटाला दीड वर्ष झालं, आणि लिहिते, "ऑफिसात कोणालाच माहीत नाही, मंडळातही नाही, गणपतीला कोणी विचारलं की सांगते तो टूरवर आहे." टीम लीडची ऑफर आलेली, ती नाकारली कारण किटा, म्हणजे तिथलं पाळणाघर, साडेचारला बंद. आता विचारतेय, मुलाला दोन वर्षं नाशिकला आईकडे ठेवू का.

अगं बाई, त्या टूरवरच्या नवऱ्याचा निकाल लाव आधी! मी हे सगळ्यांनाच सांगते, कंटाळलात तरी सांगणार. लपवण्यात तुझे पैसे आणि रजा दोन्ही जातायत. मूल तुझ्याकडे आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही म्हटल्यावर श्टॉयरक्लास 2, म्हणजे एकट्या पालकाचा टॅक्सचा वर्ग, मिळतो, वर्षाला 4,260 युरोवर टॅक्स नाही, आणि तू म्हणतेस "पगाराच्या स्लिपवर दिसेल ना." दिसू दे की! सरकारी विमा असेल तर बारा वर्षांखालचं मूल आजारी पडल्यावर 2024 पासून आईबापाला वर्षाला प्रत्येकी 15 दिवस वेगळी रजा, एकट्या पालकाला 30 पर्यंत, आणि तू स्वतःची रजा उडवत बसलीस. बॉसला काय, त्याला वाटणार हिला कामात रस नाही.

माझी आत्या नाशिकच्या सिडकोत राहायची, अंबडला कंपनीत होती. काका गेले तेव्हा पोरं शाळेत आणि सुपरवायझर नाइट शिफ्ट लावायचा. आजी म्हणायची चारचौघांत कशाला रडगाणं. आत्याने फुलस्केपवर अर्ज लिहिला, घरात मी एकटी कमावती, फर्स्ट शिफ्ट मिळावी, झेरॉक्सवर पोच घेतली आणि ती डब्याच्या पिशवीत घेऊन फिरायची. मिळाली शिफ्ट. तू म्हणशील विधवेची गोष्ट वेगळी, लोकांना दया येते. असेल. पण माझ्या चुलतबहिणीचा घटस्फोटच झालाय, तिने फ्रँकफर्टला मॅनेजरला सरळ सांगितलं की चारनंतर मीटिंग नको, रात्री मूल झोपलं की लॅपटॉप उघडते. आज लीड आहे ती.

तर ईमेल लिही. पहिल्या ओळीत लीडचं काम हवंय हे, मग किटाची वेळ, मग तू कधी ऑनलाइन असशील ते. नवऱ्याची कहाणी नको, एकटी सांभाळते एवढं पुरे.

मुलाला नाशिकला? नको. सहा महिन्यांवर बाहेर राहिला तर त्याचं जर्मनीत राहायचं परमिट साधारणपणे संपतं, ब्लू कार्डवाल्यांच्या (शिकलेल्यांचं नोकरीचं परमिट) मुलांना बारा महिने. आणि आईचे गुडघे दुखतात असं तूच लिहिलंयस. मी सध्या नाशिकलाच आहे, समोरच्या बिल्डिंगमधली आजी रोज नातवाच्या स्कूलबससाठी कठडा धरून तिसऱ्या मजल्यावरून उतरते, वर त्याचं दप्तर हिच्याच खांद्यावर. आईलाच तिकडे बोलवायचं तर शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, पुढे काय करशील?

पोटगी येत नसेल तर युगेंडआम्टकडे, म्हणजे तिथल्या बालकल्याण ऑफिसकडे, अर्ज कर, सरकार तात्पुरते पैसे देतं. नाशिकचा तुझा गंगापूर रोडचा फ्लॅट भाड्याने दे. मुलाचं मराठी आजीशी व्हिडिओवर भांडून येईल. दुसऱ्या लग्नाचं मावशीला सांग, सध्या टाइम नाही.

ईमेल पाठवायच्या आधी मला टाक, जर्मन बघून देते.