केशसल्ला : हायलाइट्सवर लाल छटा

प्रश्न : माझे केस मूळचे काळे, खांद्याखाली चार बोटं लांब. आठ महिन्यांपूर्वी मधाळ रंगाचे हायलाइट्स करून घेतले. आता ते पिवळट आणि राठ दिसतात. त्यांना लालसर छटा द्यायची आहे, पण पार्लरमध्ये सांगतात की पुन्हा ब्लीच करून २० व्हॉल्यूमने लाल रंग लावावा लागेल. टोकं आधीच तुटताहेत. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि पुन्हा ब्लीच अजिबात करू नका. काळ्या केसावर लाल रंग उठून दिसत नाही, म्हणून आधी केस उजळावा लागतो. तुमच्या हायलाइट्सचं ते काम आठ महिन्यांपूर्वीच झालं आहे. आता केसातून काही काढायचं नाही, फक्त रंग आत बसवायचा आहे. त्यासाठी डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, लागत नाही. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. ते हायलाइट्सना आणखी पोकळ करेल आणि शेजारच्या काळ्या केसांनाही थोडं उजळून विटकरी करून ठेवेल.

तुम्हाला हवा आहे डेव्हलपरशिवाय लावायचा सेमी-परमनंट रंग, ज्याला दुकानात डायरेक्ट कलर म्हणतात. ब्लीच केलेल्या केसाचे खवले उघडे असतात, त्यामुळे हा रंग त्यात चटकन शिरतो. काळ्या केसावर तो जवळजवळ दिसत नाही, हा आणखी एक फायदा. मुळांची चिंता उरत नाही.

आधी केसाचा दम तपासा. हायलाइटचा एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. ताणून परत जागेवर आला तर पुढे जा. रबरासारखा लांबत गेला किंवा लगेच तुटला, तर रंगाचं नाव महिनाभर काढू नका. टोकं छाटा, आठवड्यातून एकदा प्रोटीनचा मास्क लावा आणि स्ट्रेटनर बंद ठेवा.

छटा निवडताना पिवळा रंग विसरू नका. पिवळ्यावर निव्वळ लाल बसला की गाजरी दिसतो. गाजरी नको असेल तर जांभळट अंगाचा लाल घ्या : चेरी, वाइन, बरगंडी. हायलाइट्स अगदी पांढरट असतील तर उलटा त्रास होतो, लाल सरळ गुलाबी दिसतो. अशा वेळी आधी दहा मिनिटं तांबूस रंग लावून धुवा आणि मग लाल लावा. राखाडी टोनर (ब्लीचनंतर छटा बदलायला लावतात तो रंग) केलेल्या केसावर मात्र लाल मातकट पडतो, कारण राखाडीतला हिरवट-निळा लालाला मारतो. पिवळेपणा मारणारा जांभळा शाम्पू वापरत असाल तर तो आठवडाभर आधी थांबवा.

कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबा. खाज, पुरळ किंवा आग झाली तर तो रंग वापरू नका. मग मानेजवळच्या, आतल्या थरातल्या एका हायलाइटच्या बटेवर चाचणी घ्या. बट पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवा, कारण ओला केस नेहमी गडद दिसतो. अनेकांची निराशा ही एवढी पायरी गाळल्यामुळे होते.

रंगाच्या दोन दिवस आधीपासून तेल लावू नका. त्या दिवशी क्लॅरिफाइंग (केसावरचा थर काढणाऱ्या) शाम्पूने एकदा धुवा, कंडिशनर नको. केस टॉवेलने टिपून जवळजवळ कोरडे करा, पाणी राहिलं तर रंग पातळ होऊन ओघळतो. हलकी छटा हवी असेल तर १ भाग रंगाला ३ भाग साधा पांढरा कंडिशनर घ्या. तुमच्या लांबीला फक्त हायलाइट्ससाठी ३० ग्रॅम रंग आणि ९० ग्रॅम कंडिशनर पुरेसं होतं. कपाळाच्या कडेला, कानांना व्हॅसलिन चोळा, हातमोजे घाला. बटा वेगळ्या करून ब्रशने आधी मधल्या लांबीला लावा. टोकं सर्वांत शेवटी, फक्त पाच मिनिटांसाठी. तीच सर्वांत पोकळ असल्याने रंग ओढून घेतात आणि काळपट दिसू लागतात. एकूण १५ ते २० मिनिटं, पाकिटावर वेगळी वेळ असेल तर ती. गार पाण्याने पाणी फिकट होईपर्यंत धुवा. शाम्पू दोन दिवसांनी.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्या. बॉक्सवर ‘धुतला की जातो’ असं लिहिलेलं असलं तरी ब्लीच केलेल्या केसातून लाल सहसा पूर्ण जात नाही. फिकट गुलाबी-नारिंगी झाक मागे राहते. दोन महिन्यांत पुन्हा सोनेरी व्हायचं असेल, तर लाल घेऊ नका.

प्रश्न : आई म्हणते, केमिकल कशाला, मेंदीच लाव. हायलाइट्सवर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मेंदीने केस तुटत नाहीत, हे आईंचं खरं आहे. पण मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला कायमचं चिकटतं. ब्लीच केलेल्या केसावर ते भडक नारिंगी दिसतं आणि वाढून कापल्याशिवाय जात नाही. लावायचीच तर २ मोठे चमचे मेंदी कोमट पाण्यात भिजवून कंडिशनरमध्ये मिसळा आणि १० मिनिटांतच धुवा. लोखंडी कढई आणि कात-चहा काळ्या केसांसाठी ठीक आहे. हायलाइट्सवर तेच मिश्रण तपकिरी चिखल करतं, म्हणून काचेचं भांडं घ्या. पाकिटावर घटक म्हणून फक्त मेंदीचं पान लिहिलेलं हवं. ‘काळी मेंदी’ नको, तिच्यात पीपीडी हे काळ्या रंगासाठीचं रसायन असू शकतं आणि त्याची ॲलर्जी गंभीर होते. धातूंचे क्षार मिसळलेल्या मेंदीवर पुढे कधी पेरॉक्साइड लागलं तर केस तापतात, जळतातही.

प्रश्न : लाल रंग तीन आठवड्यांत उडतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काही अंशी. जड पाण्यातले क्षार केसावर बसतात आणि लाल निस्तेज दिसतो. शेवटचं धुणं एक तांब्या फिल्टरच्या पाण्याने करा. पण रंग जास्त उतरतो तो गरम पाण्याने आणि रोजच्या शाम्पूने. आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेल्या शाम्पूने धुवा. दर आठवड्याला लाल छटेचा कंडिशनर पाच मिनिटं लावा. पूलमध्ये उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा, भिजलेला केस क्लोरीन कमी ओढतो.

तेल सोडू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेलाने केसातल्या प्रथिनांची गळती कमी होते असं दिसलं, सूर्यफूल आणि मिनरल तेलाने तसं झालं नाही. मात्र रात्रभर थापून ठेवू नका, रंग सुटतो. धुण्याआधी अर्धा तास, टोकांना चमचाभर पुरे. पहिले दोन आठवडे उशीला जुना अभ्रा आणि डोक्याला गडद टॉवेल वापरा.