मिशन इम्पॉसिबल मालिकेत सगळ्यात जबर खलनायक कोण?

माझं मत डेव्हियनला. २००६ चा तिसरा भाग फोंड्याला मामाकडे पाहिला होता, बाहेर धो धो पाऊस. सुरुवातीलाच डेव्हियन झालेला फिलिप सिमोर हॉफमन पिस्तूल रोखून दहापर्यंत आकडे मोजतो, समोर खुर्चीला बांधलेली ज्युलिया, म्हणजे नायक इथनची बायको. मामी सोलकढीची वाटी हातात धरून तशीच उभी! डेव्हियनला जगबिग बुडवायचं नाही, तो थेट इथनच्या बायकोवर येतो.

दुसरा खलनायक सोलोमन लेन डोक्याने भारी, पण 'फॉलआऊट'मध्ये (२०१८) सियाचीनच्या छावणीत ज्युलिया दिसते तेव्हाच त्याचा बॉम्ब आपल्याला टोचतो. २०२३ चा एआय खलनायक मला तरी पचला नाही. चेहराच नाही, शिव्या घालायच्या कोणाला?